मागे राहिलेल्या गाद्या

१

शनिवार उजाडेपर्यंत शेडचं दार उघडायचं नाही, असं व्हर्ना ट्रेझीजने स्वतःला बजावलं होतं. ते तिने गुरुवारी दुपारी मोडलं, म्हणून तरी चोरी कळली.

कॅरव्हॅनला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घराला, बाहेरून रंगाचा शेवटचा हात मंगळवारी देऊन झाला होता. खाली हिरवा, वर सायीच्या रंगाचा. शेवटचा हात दिला की तीन दिवस दार बंद. आत डोकवायचं नाही, झाडू मारायचा नाही. पोर्ट ट्रेमेनच्या किनाऱ्यावर चुनखडीची पांढरी धूळ माणसाच्या चपलेबरोबरही आत येते आणि ताज्या रंगावर कायमची बसते. जुन्या कॅरव्हॅनी दुरुस्त करायचा ज्यांना नाद आहे ते सगळे हे पाळतात, उपास पाळावा तसं. व्हर्नाही पाळत होती. पण नर्सिंग होममधून फोन आला.

"डेन्झिल दोन दिवस धड जेवलेले नाहीत," तिथल्या बाई म्हणाल्या. "सारखे गालांवरून हात फिरवतात आणि आरसा मागतात. इथला दाखवला की तोंड फिरवतात."

कोणता आरसा ते व्हर्नाला लगेच कळलं. पितळी कडेचा, बशीएवढा. लग्नाच्या आदल्या वर्षी तिच्या नवऱ्याने, डेन्झिलने, स्वतःच्या हातांनी ती कॅरव्हॅन बांधली तेव्हा आतल्या ओट्यावर तो लावला होता. पुढचे तीस उन्हाळे समुद्रकाठच्या तळावर त्याने त्याच आरशात बघून दाढी केली.

पाण्याच्या टाकीमागच्या खिळ्यावरून किल्ली काढून तिने शेडचं दार सरकवलं. आत कॅरव्हॅन नव्हती.

आधी तिला वाटलं, आपलंही डेन्झिलसारखं व्हायला लागलं. आपणच ती कुठेतरी नेऊन ठेवली आणि विसरलो. ती दाराला धरून उभी राहिली आणि आठवता येईल ते सगळं मनात म्हणून पाहिलं. आजचा वार, मुलाचं नाव, आपलं वय. अठ्ठ्याहत्तर. सगळं जागेवर होतं. फक्त कॅरव्हॅन नव्हती.

तीन वर्षं गेली होती त्यात. सुरुवात केली तेव्हा आत कोंबड्या राहत होत्या आणि लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हाताला येत होतं. जुनी फळी काढायची, नव्या प्लायवूडवर ठेवून पेन्सिलीने आखायची, कापायची, बसवायची. स्क्रूच्या डोक्यावरची चीर नेहमी उभी ठेवायची, आडवी ठेवली तर पाणी साचतं, असं डेन्झिल म्हणायचा. आठशे चाळीस स्क्रू होते. आठशे चाळीस चिरा तिने उभ्या ठेवल्या होत्या. लोखंडाचं वेल्डिंग तेवढं तिला येत नव्हतं. ते विल्फ नॅन्किव्हेलने करून दिलं होतं, डेन्झिलचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त म्हणून.

डॉक्टरांनी रविवारी दहा ते चार डेन्झिलला बाहेर न्यायची परवानगी दिली होती. कागदावर सही करताना ते म्हणाले होते, "मिसेस ट्रेझीज, यापुढचं काही ठरवू नका."

डेन्झिल तिला ओळखत नव्हता. दीड वर्ष झालं. पण रोज दुपारी दोन ते पाच ती त्याच्याजवळ बसायची तेव्हा तो एकच गोष्ट विचारायचा. "गाडी तयार झाली का हो? समुद्रावर जायचंय." रविवारी ती त्याला त्याच ओट्याशेजारी, त्याच बाकावर निजवणार होती, खिडकीतून समुद्र दिसेल असं.

आणि सोमवारीच त्यांचा मुलगा रॉयडन स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाला होता, "आई, असल्या अवस्थेत बाबांना बाहेर काढशील तर ते वाटेतच जातील. मीच एक दिवस तो डबा पेटवून देईन."

टाकीमागची किल्ली रॉयडनला लहानपणापासून माहीत होती.

२

हवालदार आला, शहरातल्या टोळीचं काम असेल म्हणाला, फॉर्म भरून निघून गेला. तेव्हा व्हर्नाने एल्वा श्रामला बोलावलं.

एल्वाने तीस वर्षं गावचं टपाल सांभाळलं होतं. आता ती कॅरव्हॅनच्या गाद्या आणि पडदे शिवून द्यायची. आवाज इतका हळू, की तिच्याशी बोलताना समोरचाही आपोआप हळू बोलू लागायचा. गावात काही हरवलं की लोक आधी तिच्याकडे जायचे. चर्चमधला चांदीचा पेला तिनेच शोधून दिला होता, आणि कोणी नेला होता ते आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं.

ती शेडच्या दारात बराच वेळ नुसती उभी राहिली.

"अगं, बघतेस काय? काय गेलं ते दिसतंय ना," व्हर्ना म्हणाली.

"गेलं ते सगळेच बघतात, व्हर्ना. हरवलेल्या पार्सलचा पत्ता मला नेहमी मागे राहिलेल्या सामानातच सापडायचा. हे काय आहे?"

कामाच्या लांब बाकावर एक जुनी चादर पसरलेली होती. एल्वाने ती उचलली. खाली चार गाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. एल्वानेच शिवलेल्या, हिरव्या काठाच्या. त्यांच्यावर पडदे, घडी घालून. दारातलं काथ्याचं पायपुसणं. गवताची उन्हाळी टोपी.

"हे सगळं आत होतं?"

"सोमवारी मीच लावलं होतं."

"आणि ही?" भिंतीशी, लाकडी फळीवर, आतल्या दिव्याची बॅटरी ठेवलेली होती. तारांची टोकं चिंधीने गुंडाळलेली.

"तीही आतच होती." व्हर्ना बाकावर टेकली. "म्हणजे गाद्या नकोत, बॅटरी नको, नुसता सांगाडा न्यायचा होता. तो धक्क्यावरचा लोमॅक्स असंच करतो. सांगाडा घेतो आणि त्यात कॉफीचं दुकान घालतो."

"स्टोव्ह गेला?"

"गेला. कपबश्या गेल्या. आरसा गेला." तिने वरची गादी सरळ केली. "एल्वा, तो आरसा मागतोय. आणि मी इथे गाद्या मोजत बसलेय."

एल्वाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती खाली वाकून दारातली जमीन बघू लागली. कॅरव्हॅनच्या अरुंद चाकांच्या दोन रेघा, त्यांच्यापुढे ओढणाऱ्या गाडीच्या रुंद खुणा. दोन्ही फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळल्या होत्या, आतल्या कच्च्या रस्त्याला. शहराचा डांबरी रस्ता उजवीकडे होता.

"ट्रकवर चढवलेली नाही. स्वतःच्या चाकांवर गेली. व्हर्ना, हिला कुठलीही गाडी ओढू शकते?"

"छे. तिच्या पुढच्या दांड्याची टोपी जुन्या मापाची आहे, डेन्झिलने बसवलेली. हल्लीच्या गाड्यांच्या मागचा, टोपी अडकवायचा गोळा थोडा मोठा असतो. टोपी त्यावर बसतच नाही. माझ्या गाडीचा जुना गोळा तो बघ, खिळ्याला." धूळ खात तो लटकतच होता.

"आणि नळाखाली काय होतं?"

नळाखालच्या मातीत एक चौकोन उमटलेला होता. बरेच दिवस काहीतरी तिथे पडून होतं आणि आता नव्हतं.

"पोती," व्हर्ना आठवून म्हणाली. "बार्लीची रिकामी पोती. गुडघ्यांखाली घ्यायचे मी. पण फाटकी पोती कोण चोरेल?"

नळ ठिबकत होता. एल्वाने तो घट्ट पिळला.

३

शुक्रवारी सकाळी दोघी धान्याच्या कोठारांशी गेल्या. रॉयडन तिथे वजनकाट्यावर कामाला होता. आईला बघताच त्याचा चेहरा कठोर झाला.

"हवालदार येऊन गेला माझ्याकडे," तो म्हणाला. "तू पाठवलास?"

"तू पेटवून देईन म्हणालास."

"मी खूप काही म्हणतो. बाबा मला वाणसामान आणणारा पोरगा समजतात, आई. चाळीस वर्षांचा मुलगा आहे मी त्यांचा. आणि तू तीन वर्षं त्या डब्याला रंग फासत बसलीस. रविवारी मुलाकडे जेवायला यायला वेळ नाही तुला."

एल्वा मधे पडली. "रॉयडन, तुझ्या त्या मोठ्या गाडीला लागते का रे ती कॅरव्हॅन?"

"लागली असती तर मागच्या महिन्यातच शेडमधून घराच्या दाराशी आणून उभी केली असती. आईला जरा हायसं वाटावं म्हणून गेलो होतो. टोपी गोळ्यावर बसेना. विल्फकाका हसले मला. म्हणाले, आजोबांच्या गाडीला आजोबांचाच गोळा लागतो." तो वळला, पुन्हा थांबला. "आई, मी नाही नेली. पण गेली याचं मला दुःख आहे असंही म्हणणार नाही."

व्हर्ना गाडीत येऊन बसली. "खरं बोलतोय की नाही तेही कळेना मला. माझ्याच पोटचा, आणि कळेना."

गार्थ लोमॅक्स धक्क्याजवळ सापडला. जुन्या कॅरव्हॅनच्या खिडकीतून लोकांना कॉफी देत होता. त्याने व्हर्नाची कॅरव्हॅन तीनदा मागितली होती आणि तिन्ही वेळा नाही ऐकलं होतं.

"या बायांनो. मला बेड्या घालायला आलात की कॉफी प्यायला?"

"आधी कॉफी," एल्वा म्हणाली.

"हुशार आहात. हे बघा, मला ती हवी होती, आजही हवी आहे. पण चोरून करू काय? या किनाऱ्यावरचा प्रत्येक म्हातारा तिचा एकेक स्क्रू ओळखतो. सगळ्यांच्या चिरा उभ्या. असली दुसरी गाडी दाखवा मला." त्याने दूध ओतलं. "आणि कधी गेली म्हणता?"

"बुधवारी दुपारीच गेली असू शकते. दोन ते पाच व्हर्ना घरी नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मंगळवारी रंग, आणि बुधवारी कच्च्या रस्त्याने?" लोमॅक्सचा हात थांबला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "अहो, त्या धुळीने रंगाची वाट लागली असणार. असं करणारा एक तर गाढव असेल, नाही तर त्याच्या घराला आग लागली असेल."

एल्वाने कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला काहीतरी भेट दिलं होतं.

दुपारी, व्हर्ना नर्सिंग होमला निघण्याआधी, विल्फ नॅन्किव्हेल पास्ट्यांची, म्हणजे खिमा-बटाट्याच्या भाजक्या करंज्यांची, पिशवी घेऊन तिच्याकडे आला. सत्त्याहत्तर वर्षांचा, वाकलेला, पण बोटं अजून सांडशीसारखी. गावच्या धक्क्याचं अर्धं लोखंड त्याने जोडलं होतं. आत येताना तो दाराच्या चौकटीला हात लावून आला.

"काही कळलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. परवा रविवार आहे, विल्फ."

"व्हर्ना, मी काय म्हणतो, रविवार आठवडाभर पुढे ढकल. आठवड्यात सापडेल ती."

"त्याच्याकडे आठवडा नाहीये," व्हर्ना म्हणाली. "काल त्याने पाणीही थुंकून टाकलं. पुढे ढकल म्हणे. कशाच्या पुढे ढकलू?"

विल्फने किटली उचलून स्वतःसाठी चहा ओतला. निम्मा कपात गेला, निम्मा बशीत. त्याने तो पुसलाही नाही. कपाला न शिवताच तो उठून गेला.

"बघितलंस, त्याचेही हात चालेनासे झालेत काळजीने," व्हर्ना म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा कॅरव्हॅन बाहेर काढली ना, तेव्हापासून गप्प गप्प आहे. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि हा आपला खाली बसून पुढच्या दांड्यावरून बोटं फिरवतोय. वेल्डिंगवरून, पुन्हा पुन्हा. म्हटलं, स्वतःच्या कामाचं कौतुक चाललंय."

"डोळे कुठे होते त्याचे?"

"डोळे?" व्हर्नाने आठवलं. "समोर. समुद्राकडे."

एल्वा उठून खिडकीशी गेली. फाटकातून विल्फची जुनी उघडी गाडी बाहेर पडत होती. ती डावीकडे वळली. मागचा गोळा उन्हात चमकला. खूप वर्षं गंजलेला गोळा, आणि नुकताच कशावर तरी घासलेला.

४

शनिवारी सकाळी एल्वा आली तेव्हा व्हर्ना काल रात्रीच्याच कपड्यांत टेबलाशी बसलेली होती.

"चल," एल्वा म्हणाली. "गाडी मी चालवते. वाटेत सांगते."

शहर उजवीकडे ठेवून ती डावीकडे वळली. दोन्ही बाजूंना कापलेल्या बार्लीची शेतं आणि मागे पांढरा धुरळा.

"मला एकच गोष्ट अडत होती," एल्वा हळूच बोलू लागली. "ज्याने गाद्या रचल्या आणि पडद्यांच्या घड्या घातल्या, त्याला तुझ्या कॅरव्हॅनबद्दल माया होती. पण ज्याने ती ताज्या रंगानिशी या धुळीतून नेली, त्याला माया नव्हती. ही दोन माणसं एकच कशी? मग लोमॅक्स बोलून गेला. माया असूनही रंग खराब करायला तयार होणारा माणूस रंगाहून मोठ्या कशाला तरी भ्यालेला असतो."

"कशाला?"

"आता मागे काय राहिलं ते बघ. गाद्या, पडदे, काथ्या, गवताची टोपी. यात सारखं काय आहे?"

व्हर्ना बोटांवर मोजू लागली.

"ठिणगी पडली की पेटतं, ते सगळं. स्टोव्ह नाही पेटत, कपबश्या नाही, आरसा नाही. ते आतच राहिलं. बॅटरी काढून ठेवली, वेल्डिंगचा झटका तिच्यात जाऊ नये म्हणून. आणि पोती नेली, नळाखाली भिजवून. लोखंडाशेजारी लाकूड असलं की त्यावर ओली पोती टाकतात. डेन्झिलच्या कामावर तू हे पाहिलं असशील."

व्हर्नाचा हात तोंडावर गेला.

"तो चोरी करायला आला नव्हता, व्हर्ना. तुझ्याखेरीज जुना गोळा विल्फकडेच आहे, आणि वेल्डिंगला येताना टाकीमागची किल्लीही तो काढायचा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस तू दार उघडत नाहीस, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? बुधवारी न्यायची, दुरुस्त करायची, शुक्रवारी तू डेन्झिलजवळ असताना परत आणून ठेवायची. तुला कळलंही नसतं. पण तू गुरुवारी दार उघडलंस."

"तीन दिवस बंद ठेवायचं त्यानेच शिकवलं होतं मला," व्हर्ना पुटपुटली. "पण दुरुस्त काय करायचं होतं?"

"ते तोच सांगेल. पण शुक्रवार उलटला आणि ती परत आली नाही, याचीच मला जास्त भीती वाटते."

५

विल्फच्या शेताचं फाटक उघडं होतं. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅरव्हॅन उभी होती. सायीचा रंग धुळीने खरखरीत झालेला, खाली सगळीकडे ओली पोती. आणि पुढचा दांडा नव्हता. तो जमिनीवर वेगळा पडलेला होता, कापलेला.

विल्फ तेलाच्या पिंपावर बसला होता, मांडीवर वेल्डिंगचा मुखवटा. त्याने मान वळवली, पण थेट त्यांच्याकडे नाही. जरा बाजूला, दारापलीकडच्या भिंतीकडे बघून तो म्हणाला, "व्हर्ना का?"

तेव्हा तिला कळलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल. जिथे बघावं तिथेच भोक. कडेचं सगळं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, तुझ्या मागचं दार दिसतं." तो बोलत राहिला, कोणाला तरी हिशेब दिल्यासारखा. "तुझा दांडा जोडला तेव्हा वाटलं, हात जाणतो, डोळ्यांचं काय काम. त्या दिवशी बाहेर काढली आणि बोट फिरवलं. वरवर चिकटलेलं होतं गं. आत पोकळ. धक्क्याच्या उतारावर पोरं खेकडे धरत बसलेली असतात. तिथे तो सुटला असता तर?"

"मला सांगायचं होतंस. दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. दोन आठवडे होते माझ्याकडे, विल्फ. पूर्ण दोन आठवडे."

"सांगितलं की डॉक्टर. डॉक्टर झाला की गाडीचा परवाना गेला. गावापासून वीस किलोमीटरवर एकटा माणूस, परवान्याशिवाय. मग मलाही डेन्झिलशेजारची खाट." त्याने मुखवटा उलटा केला. "वाटलं, एकदाच नीट करीन. कापलं नीट. जोडता येईना. चार वेळा केलं."

व्हर्नाने दांड्याकडे पाहिलं. कोंबडीने उकरल्यासारखे धातूचे गोळे. ती रागाने बोलू लागली आणि मधेच तिला दिसलं, की त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे चार फोड होते, एकेका प्रयत्नाचा एकेक.

एल्वाने शहरापर्यंत सगळीकडे फोन लावून पाहिले. सोमवारच्या आत कोणी येणार नव्हतं. शनिवारी दुपारी नर्सिंग होममधूनही फोन आला. उद्या येणार असाल तर सकाळीच या, बाई म्हणाल्या.

व्हर्ना कॅरव्हॅनच्या पायरीवर बसली. समुद्र इथून वीस किलोमीटर होता, आणि डेन्झिलला तिथे जायचं होतं ते याच गाडीतून. तीन वर्षं आणि वीस किलोमीटर. मग तिने एल्वाचा फोन मागून घेतला आणि मुलाला लावला.

"रॉयडन, माझं चुकलं. तुझ्यावर घेतला तो संशय. ते एक. आणि दुसरं, तुझ्या गाडीत चाकाची खुर्ची मावते का?"

६

रविवारी साडेदहाला विल्फच्या शेडमध्ये रॉयडनने बाबांना खुर्चीतून उचललं आणि बाजूच्या दारातून कॅरव्हॅनमध्ये नेऊन बाकावर निजवलं. गाद्या एल्वाने पहाटेच आणून लावल्या होत्या, पडदे खिडकीवर ओढून घेतले होते. डेन्झिल इतका हलका झाला होता, की रॉयडन बाहेर आला तेव्हा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

व्हर्नाने आरसा काढून डेन्झिलच्या समोर धरला, साबणाचा फेस लावला, आणि वस्तऱ्याने हळूहळू दाढी केली. त्याने तोंड फिरवलं नाही. त्याचा हात मात्र भिंतीवर फिरत होता. अंगठा एका स्क्रूवर थांबला, चीर चाचपली, पुढच्यावर गेला, त्याच्या पुढच्यावर.

"सगळ्या उभ्या," तो म्हणाला. "कोणी लावले हो हे?"

"मी. माझ्या नवऱ्याने शिकवलं."

"चांगला कारागीर असणार." त्याने डोळे मिटले. "निघालो का?"

व्हर्नाने पडदा जरासा सारून खिडकीबाहेर पाहिलं. पत्र्याची भिंत, बार्लीची पोती, पुढच्या टोकाला दांड्याऐवजी लाकडी ठोकळ्यांची टेकण, आणि टेकणीशी उभा असलेला विल्फ. त्याने आतला प्रश्न ऐकला होता. त्याने आपले दोन्ही भाजके हात कॅरव्हॅनच्या कोपऱ्याला लावले आणि खाली दाबून सोडले. स्प्रिंगांनी ती हलली. पुन्हा दाबली. मग रॉयडन दुसऱ्या कोपऱ्याशी गेला, आणि एल्वा मागे.

आतल्या कपबश्या किणकिणू लागल्या. तीस उन्हाळे रस्त्यावर किणकिणत असत तशा.

"निघालो," व्हर्ना म्हणाली. "कोठारं मागे गेली बघ. आता चर्च. आता तो खड्डा, दरवर्षी तू शिव्या देतोस तो."

बाहेर विल्फने जोरात दाबलं. डेन्झिल हसला.

"बाजूने जा म्हणावं त्याला," तो म्हणाला. "आंधळा आहे का?"

विल्फचे हात क्षणभर थांबले, आणि पुन्हा सुरू झाले.

ती सांगत राहिली. वळण, गोड्या पाण्याची टाकी, मीठ पिकतं ते तळं. तिला रस्ता पाठ होता. धक्क्याआधीचा चढ आला तेव्हा डेन्झिलचा श्वास लांब लांब झाला होता, दोन श्वासांमधे खूप जागा पडत होती. त्याने तिचा हात धरलेला होता, कोणाचा ते न कळता.

"आला का समुद्र?"

व्हर्नाने पडद्याआडून उघड्या खिडकीतून मान बाहेर काढली. तिघांचेही कपडे घामाने भिजले होते. रॉयडन खाली मान घालून रडत होता आणि दाबत होता.

"थांबू नका," ती त्यांना हळू आवाजात म्हणाली. मग आत वळून तिने डेन्झिलच्या गालावरचा उरलेला फेस टिपला.

"एवढा चढ संपू दे," ती म्हणाली. "मग दिसेल."